मोतीबिंदूनंतर आठ आठवड्यांनी पुन्हा पुन्हा लाल होणारा डोळा : आईसाठी मदत हवी आहे (ठाणे / नवी मुंबई)

सई_कोपरखैरणे | मंगळवार, पहाटे ५:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते. धागा पहिल्यांदाच काढते आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची. मधुमेह पंधरा वर्षं, गोळ्या चालू. आमचं कोपरखैरण्यात घरगुती पोळीभाजी केंद्र आहे. रोज अडीचशे-तीनशे पोळ्या जातात, त्यातल्या निम्म्या अजून तीच लाटते. दोन बायका हाताखाली आहेत, पण "त्यांच्या पोळीला पदर सुटत नाही" हे तिचं म्हणणं. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठाण्यात झालं, त्याला आज आठ आठवडे झाले. फेको (बारीक चिरेतून मोतीबिंदू फोडून ओढून घेतात ती पद्धत), घडी होऊन आत जाणारी लेन्स, अर्ध्या तासात बाहेर. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाल्यावर घरी आली आणि मोदकांसाठी आणून ठेवलेली पिठी बघून म्हणाली, "अगं, ही इतकी पांढरी असते होय! मला वाटायचं हल्ली गिरणीवाला पिवळट तांदूळ मिसळतो." त्या बिचाऱ्या गिरणीवाल्याला ती दोन वर्षं बोलत होती.

पहिले तीन आठवडे उत्तम. थेंब मी स्वतः घालत होते, मोबाईलवर गजर लावून. मग स्टिरॉइडचे थेंब दिवसाला सहावरून कमी करत आणले आणि चौथ्या आठवड्यात डोळा लाल झाला. फार नाही, जागरण झाल्यासारखा. डॉक्टरांनी यंत्रावर बघून "आत थोडी सूज आहे" सांगितलं आणि तेच थेंब दर तासाला घालायला दिले. चार दिवसांत डोळा स्वच्छ. पुन्हा कमी करत चारवर आलो, पुन्हा लाल. असं आता दोनदा झालंय. मधे एकदा चार्टवर सहा-नऊपर्यंत वाचत होती, काल सहा-चोवीसला अडकली (दुसरा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी).

काल डॉक्टर म्हणाले की बुबुळाच्या आतल्या बाजूला मटणाच्या चरबीसारखे थेंब चिकटलेले दिसतात. आईच्या घरात चार पिढ्यांत अंडंसुद्धा फुटलेलं नाही. ती आधी त्यानेच हबकली. मग ते म्हणाले, एखादा दुर्मीळ, सावकाश वाढणारा जंतू असू शकतो, रेटिनावाल्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टरांना दाखवू, डोळ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवू आणि डोळ्याच्या आत इंजेक्शन देऊ.

डोळ्याच्या आत सुई हे ऐकल्यापासून घरात कुणी धड जेवलेलं नाही. आई म्हणते, दुखत तर नाही, मग कशाला? तिचं "दुखत नाही" कितपत खरं मानायचं हा वेगळाच प्रश्न, बाळंतपणातही ती असंच म्हणाली होती म्हणे. थेंबांनी दोनदा बरं झालं, तर आणखी महिनाभर थेंबच चालू ठेवले तर चालणार नाही का? सुईशिवाय कळायला काही मार्ग नाही का? आणि विचारायला बरं वाटत नाही पण विचारते, हे कुणाच्या हलगर्जीपणामुळे होतं का? की मीच थेंब घालताना काही चुकले? रात्री दोनला जाग येते आणि तेच डोक्यात फिरतं.

---

घोडबंदर_सिस्टर | मंगळवार, सकाळी ७:१५

डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये अकरा वर्षं आहे. ड्यूटीवर निघालेय म्हणून थोडक्यात.

रेटिनावाल्यांकडे आजच जा, उद्यावर टाकू नका. थेंब आपल्या मनाने बंद करू नका आणि वाढवूही नका. दुखत नाही यावर अजिबात जाऊ नका. ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनमध्ये चारातल्या एकाला दुखतच नाही आणि हा सावकाश प्रकार तर बहुतेक वेळा दुखण्यावाचूनच असतो. नजर कमी होतेय, हे पुरेसं आहे.

आईंना रोज सकाळी एक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचायला लावा. कालची दिसली आणि आजची नाही, तर फोन. आणि बाटलीचं तोंड पापणीला लागतंय का ते बघा. दहातल्या सहा घरांत लागतं, हा माझा अंदाज, कुठे छापलेलं नाही.

---

निसर्गप्रेमी_नेरुळ | मंगळवार, सकाळी ९:०२

ताई, घाबरू नका. ॲलोपॅथीवाले आधी घाबरवतात मग कापतात. शुद्ध मध एक थेंब आणि रात्री त्रिफळा भिजवलेलं पाणी गाळून सकाळी डोळा धुवायचा. माझ्या सासऱ्यांना २१ दिवसांत फरक.

---

वागळे_टूलरूम | मंगळवार, सकाळी ११:२०

आधी वरच्या साहेबांना. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात मध नाही, त्रिफळा नाही, गुलाबपाणी नाही, नळाचं नाही, बिसलेरीचं नाही आणि गंगेचंही नाही. तुमच्या सासऱ्यांच्या डोळ्याला चीर होती का? नव्हती. मग तो विषय वेगळा.

सई, हा प्रतिसाद लांबेल, चहा घेऊन बसा. मी ७१ वर्षांचा. वागळे इस्टेटला टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तर अख्खी डाय भंगारात, असलं काम. कारखाना गेला, तिथे आता काचेची बिल्डिंग आहे. डोळे मात्र शेवटपर्यंत चोख होते. २०१८ च्या फेब्रुवारीत डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तुमच्या आईचं आहे ना, तेच माझं झालं, फक्त मी आठ महिने घालवले आणि तुम्ही आठ आठवड्यांत विचारताय.

एप्रिलमध्ये डोळा पहिल्यांदा लाल झाला. थेंब, बरा. जूनमध्ये लाल. थेंब, बरा. मी डायरी ठेवायचो, कारखान्यातली सवय. त्यात सहा वेळा "लाल" आणि सहा वेळा "स्वच्छ" आहे. मधेच डॉक्टरही बदलला, कारण पहिल्याच्या दवाखान्यात तीन तास बसावं लागे. ही माझी चूक. नव्या माणसासमोर मी गेलो तो "स्वच्छ"च्या दिवसात, त्याला आधीच्या चढउताराचा पत्ताच नाही. डायरी घरी कपाटात. ऑक्टोबरमध्ये नजर धुरकट झाली म्हणून दाखवलं, तर म्हणाले लेन्सच्या मागे जाळी आली आहे, लेझरने भोक पाडू. पाच मिनिटांचं काम. नवव्या दिवशी सकाळी उठलो तर डोळ्यासमोर दही.

झालं काय होतं ते मला नंतर रेटिनावाल्या बाईंनी कागदावर चित्र काढून सांगितलं. आपली मूळ लेन्स एका पातळ पिशवीत असते. ऑपरेशनमध्ये पिशवीला पुढून गोल भोक पाडतात, आतला गढूळ ऐवज काढतात आणि नवी लेन्स त्याच पिशवीत ठेवतात. माझ्या बाबतीत ऑपरेशनच्या वेळीच एक जंतू लेन्स आणि पिशवीच्या मधल्या सांदीत जाऊन बसला होता. त्याचं नाव क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस. पूर्वी प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणायचे, २०१६ साली नाव बदललं. हा आपल्या सगळ्यांच्या कातडीवर, केसांच्या मुळाशी राहतो, तारुण्यपीटिकांमध्ये सापडतो तोच. त्याला ऑक्सिजन नको असतो, म्हणून ती सांदी त्याला फार मानवते. रक्तातल्या पेशी तिथे नीट पोचत नाहीत, थेंबातलं औषध पोचत नाही. तो मरत नाही आणि फार वाढतही नाही, अधूनमधून सूज आणतो. स्टिरॉइड सूज बसवतं. सूज बसली की तुम्ही आम्ही पेढे वाटतो. जंतू जागच्या जागी. आणि माझ्या लेझरने काय केलं, तर त्या पिशवीला मागून दार उघडून दिलं. तो डोळ्याच्या मागच्या भागात भरलेल्या जेलीत उतरला.

टूलरूमच्या भाषेत सांगतो. व्हाइसच्या, म्हणजे काम घट्ट धरायच्या शिकंज्याच्या जबड्यात लोखंडाचा चुरा अडकला की जॉब कितीही घट्ट आवळा, माप चुकतंच. वरून फुंकर मारून तो निघत नाही. जबडा उघडावा लागतो. थेंब म्हणजे फुंकर.

आता सुईबद्दल. मलाही रात्रभर झोप नव्हती. बायको स्वामींचं पारायण घेऊन बसली होती. प्रत्यक्षात काय, तर आधी बधिर करणारे थेंब, मग तो तपकिरी बीटाडीनचा थेंब, पाच टक्क्यांचा, तो थोडा चुरचुरतो. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक सुई. औषध किती? एका वेळी ०.१ मिली. म्हणजे तुम्ही घालता तसले दोन थेंब. दाबल्यासारखं वाटतं, दुखलं असं म्हणणार नाही. नंतर दिवसभर डोळ्यासमोर काळे बुडबुडे फिरत होते, ते सांगितलेलं नसेल तर माणूस घाबरतो म्हणून सांगून ठेवतो.

मी तेव्हा विचारलं होतं, हातात सलाईन लावून औषध का देत नाही, डोळा तेवढा वाचेल. बाई म्हणाल्या, रक्तातलं औषध डोळ्याच्या आत पुरेसं झिरपतच नाही. अमेरिकेत ४२० रुग्णांवर मोठा अभ्यास झाला, १९९५ साली छापून आला. डोळ्यातल्या इंजेक्शनच्या जोडीला शिरेतून अँटिबायोटिक दिलेले आणि न दिलेले, दोघांच्या नजरेत फरक पडला नाही. म्हणून सुई.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी एवढं लिहिलं. माझा पहिला नमुना लॅबने पाच दिवस ठेवला आणि "जंतूंची वाढ नाही" असा छापील कागद दिला. सगळे खूश. मी तर पुरणपोळी खाल्ली. पंधरा दिवसांनी डोळा पुन्हा गढूळ. दुसऱ्या वेळी बाईंनी लॅबला स्वतः फोन करून सांगितलं, चौदा दिवस फेकायचं नाही. अकराव्या दिवशी उगवला. तेव्हा तुमच्या डॉक्टरांना एवढंच विचारा, नमुना किती दिवस ठेवणार?

पुढचं थोडक्यात. एकदा मागची जेली काढून पिशवीचा थोडा भाग कापला, आत व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सोडलं. चार महिने बरं, मग परत. दुसऱ्या वेळी लेन्ससकट सगळी पिशवी काढली. सहा महिने त्या डोळ्याला लेन्स नव्हती, जाड भिंगाचा चष्मा. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागाला अडकवलेली नवी लेन्स बसवली. आज सहा-बारा दिसतं. मायक्रोमीटर वाचता येतो, पण आता मोजायला काही नाही. नातवाच्या पेन्सिली मोजतो.

---

ठाणेकर_स्पष्टवक्ता | मंगळवार, दुपारी १:०५

दवाखान्याचं नाव जाहीर करा. असल्या लोकांना धडा शिकवल्याशिवाय सुधारत नाहीत. ग्राहक मंचात जा. नाव लिहायची हिंमत नसेल तर धागा कशाला काढला?

---

सई_कोपरखैरणे | मंगळवार, दुपारी २:३०

काका, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. तारुण्यपीटिकांवर ती थांबली. म्हणाली, "ह्या वयात?" काल दुपारपासून पहिल्यांदा हसली.

स्पष्टवक्ते, नाव लिहिणार नाही. अजून काय झालंय हेच माहीत नाही, आणि ज्यांनी काल आपणहून "माझा अंदाज चुकला असू शकतो" म्हटलं त्यांना मी इथे चौकात उभं करणार नाही. धागा आईच्या डोळ्यासाठी आहे.

रेटिनावाल्यांची वेळ संध्याकाळी साडेपाचची मिळाली आहे, ठाण्यातच. ट्रान्स हार्बर लोकलने जावं की रिक्षाने? गर्दीत धक्का लागेल अशी भीती वाटते.

---

पेट्रीडिश_वाशी | मंगळवार, दुपारी ३:१०

रिक्षाने नको, रबाळ्याच्या पुढे खड्डे आहेत. दुपारची गाडी रिकामी असते, चारच्या आत निघा, महिलांच्या डब्यात खिडकी मिळेल. त्या डोळ्याला पट्टी नको, साधा काळा गॉगल पुरे.

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, सतरा वर्षं. काकांनी सांगितलं ते शंभर टक्के. आता दुसऱ्या बाजूने, म्हणजे टेबलाच्या आमच्या बाजूने सांगते.

आमच्याकडे डोळ्याचा नमुना येतो तेव्हा सिरिंजमध्ये दोन-तीन थेंब असतात. लघवी तपासायला जशी बाटली भरून येते तसं नाही, दुसऱ्यांदा मागता येत नाही. त्या दोन थेंबांत काय काय करायचं हे आम्ही कागद वाचून ठरवतो. आणि कागदावर नव्वद टक्के वेळा एकच ओळ असते, "कल्चर अँड सेन्सिटिव्हिटी". त्यावरून आम्ही नेहमीच्या प्लेट लावतो. ऑपरेशननंतर आठवड्याभरात येणारी जी इन्फेक्शन्स असतात, ती बहुतेक कातडीवरच्या स्टॅफिलोकोकसची, ती एक-दोन दिवसांत उगवतात. पाच दिवस ठेवणं तिथे पुरतं. तुमच्या आईंची गोष्ट ती नाही.

म्हणून डॉक्टरांना विनंती करा की फॉर्मवर लिहा : ऑपरेशन होऊन आठ आठवडे, स्टिरॉइड कमी केलं की उसळतं, ऑक्सिजनशिवायचं कल्चरही लावा, चौदा दिवस ठेवा, झेडएन स्टेन (क्षयाच्या जातीचे जंतू रंगवून बघायची पद्धत) करा, बुरशीही बघा. एवढी वाक्यं असली की आमचा सगळा दिवस बदलतो. आम्हाला राग येत नाही हो, उलट बरं वाटतं की कुणीतरी विचार करून पाठवलंय.

झेडएन कशाला, तर क्षयाच्या जंतूचे काही चुलत भाऊ आहेत, चेलोनी, ॲबसेसस, फॉर्च्युटम. नळाच्या पाण्यात, पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतात. त्यांतले काही ग्लुटाराल्डिहाइडलाही दाद देत नाहीत, म्हणून थिएटरमध्ये उपकरणं कशी निर्जंतुक करतात ह्याला महत्त्व. झेडएनमध्ये ते गुलाबी दिसतात. रिपोर्टवर "मायकोबॅक्टेरियम" शब्द आला की नातेवाईक आमच्या खिडकीशी येऊन रडतात, टीबी झाला म्हणून. एका घराने तर आजीची ताटवाटी वेगळी केली होती. हे टीबी नाही, एकाचा दुसऱ्याला होत नाही, आणि टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांनी जातही नाही, औषधं वेगळी असतात. तसंच मातीतला नोकार्डिया. सूक्ष्मदर्शकाखाली फांद्या फुटलेल्या दोऱ्यासारखा, आणि नेहमीच्या झेडएनमधलं तीव्र आम्ल त्याचा रंग धुऊन टाकतं. एक टक्क्याचं सौम्य आम्ल वापरलं तर तो दिसतो. म्हणजे बघा, कुणी "हा असू शकतो" असं लिहिलंच नाही तर तो समोर असून आम्हाला दिसणार नाही. त्याला ॲमिकासिन चालतं. आणि स्टिरॉइडवर तो पोसतो, म्हणून "आणखी महिनाभर थेंबच" ह्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

काकांनी सांगितलेल्या १९९५ च्या अभ्यासाबद्दल एक पुरवणी. तो ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत झालेल्या इन्फेक्शनचा होता. त्यातले निष्कर्ष सावकाश प्रकाराला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण सुईचं कारण तेच.

आता तुमचा रात्री दोनचा प्रश्न. १९९१ साली एक अभ्यास झाला, इन्फेक्शन झालेल्या डोळ्यातला जंतू आणि त्याच माणसाच्या पापणीवरचा, नाकातला जंतू जुळवून बघितले. १७ पैकी १४ जणांत ते हुबेहूब एकच निघाले. म्हणजे जंतू बहुतेकदा आपलाच, आपल्याच पापणीवरून आत गेलेला. म्हणून ऑपरेशनच्या आधी बीटाडीन, म्हणून पापण्यांवर प्लास्टिक चिकटवतात. शेवटी लेन्स बसवल्यावर आत अँटिबायोटिक सोडायची पद्धतही आता आहे. युरोपात सेफ्युरॉक्झिम सोडून इन्फेक्शन साधारण पाचपटीने कमी झालं. आपल्याकडे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयवाल्यांनी मॉक्सिफ्लॉक्सासिन सोडलं. २०१७ साली त्यांनी सहा लाखांहून जास्त ऑपरेशनांचा हिशोब छापला, दहा हजारांत सात होती ती दोनवर आली. दोन उरलीच. सगळं नीट करूनही उरणारी ती दोन.

हलगर्जीपणाचा संशय घ्यायची वेळ वेगळी असते. एकाच दिवशी, एकाच थिएटरमधून चार-पाच डोळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पू होऊन आले, तर समजायचं की सलाईनची बाटली, मशीनची नळी, नाहीतर रंगाची कुपी दूषित होती. त्यात बहुतेक स्यूडोमोनास नावाचा जंतू निघतो आणि तो दोन दिवसांत डोळा खातो. आठ आठवडे वाट बघत नाही. तरी डॉक्टरांना सरळ विचारा, त्या दिवशीच्या बाकी कुणाला असं झालंय का. चांगले डॉक्टर ह्या प्रश्नावर चिडत नाहीत. डिस्चार्ज कार्डावर लेन्सचं स्टिकर असतं, त्यावर नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. कार्ड हरवतात, अनुभव आहे.

थेंब घालताना तुमचं काही चुकलं असेल तर ते डोळ्याच्या बाहेर राहिलं. आतल्या पिशवीत तुमचा हात पोचत नाही.

---

सई_कोपरखैरणे | बुधवार, रात्री ११:१५

हे शेवटचं वाक्य मी काल गाडीत तीन वेळा वाचलं. धन्यवाद.

झालं ते लिहिते. रेटिनावाल्या डॉक्टरांनी डोळा मोठा करून पाऊण तास बघितलं. पिशवीच्या कडेला, लेन्सच्या मागे एक पांढरा ठिपका आहे, बाहुली पूर्ण मोठी केल्याशिवाय दिसत नाही असा. सोनोग्राफीही केली डोळ्याची, मागचा पडदा जागेवर आहे. फॉर्मवर काय लिहायचं ते मी वहीतून वाचायला लागले तर त्यांनी फॉर्म माझ्यापुढे फिरवून दाखवला. तिथे आधीच लिहिलं होतं, "१४ दिवस". मला इतकं ओशाळल्यासारखं झालं. ते म्हणाले, विचारलंत ते चांगलं केलंत, सगळीकडे लिहिलेलं नसतं.

त्या दिवशी थिएटरमध्ये बाकी सात डोळे झाले होते. पहिल्या डॉक्टरांनी सगळ्यांना फोन करून विचारलं, सगळे ठीक आहेत. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं.

सुई झाली. पुढच्या भागातलं पाणी काढलं, व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम दिलं. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "झालं? मला वाटलं अजून तयारी चाललीये." बुडबुडे दिसले, पण काकांनी सांगून ठेवलं होतं. रात्री ती ते मोजत बसली होती.

---

वागळे_टूलरूम | गुरुवार, सकाळी ८:००

छान. पाच दिवसांनी "वाढ नाही" असा निरोप आला तर पुरणपोळी करू नका.

---

सई_कोपरखैरणे | तीन आठवड्यांनंतर, शनिवार

राहिलेलं सांगते, बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

पहिला नमुना चौदा दिवस ठेवूनही कोराच राहिला. काकांचं ऐकून पुरणपोळी केली नव्हती. इंजेक्शननंतर डोळा बारा दिवस शांत होता, मग पुन्हा तीच लाली. मग मागची जेली काढायचं ऑपरेशन ठरलं आणि त्यात त्या पांढऱ्या ठिपक्यासकट पिशवीचा तुकडा कापून लॅबला पाठवला. आठव्या दिवशी उगवला. काकांचाच जंतू. पाण्यात नव्हता, तुकड्यात होता. पेट्रीडिशताई, तुमच्या वाशीच्याच लॅबमध्ये गेला असेल का हो? असेल तर त्याला आईचा नमस्कार सांगू नका.

लेन्स सध्या आतच ठेवली आहे. परत उसळलं तर काढावी लागेल, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. सहा-अठरापर्यंत वाचते. स्टिरॉइडचे थेंब कमी करणं पुन्हा सुरू झालंय आणि त्याच वळणावर घरात सगळ्यांचा श्वास अडकतो. काल तीनवर आलो. भिंतीवर कालनिर्णय लावलंय, रोज सकाळी डावा डोळा झाकून तारीख आणि खालची तिथी वाचायची. तारीख येते, तिथी कधी येते कधी नाही. आज षष्ठी वाचली. मग कळलं, तिला आज षष्ठी आहे हे पाठच होतं.

म्हणून उद्यापासून मी शेजाऱ्यांकडून मागच्या वर्षीचं कालनिर्णय आणणार आहे.

---

घोडबंदर_सिस्टर | शनिवार, रात्री ९:४०

हे मी आमच्या वॉर्डात सुरू करते. मागच्या वर्षीचं.

---

सई_कोपरखैरणे | शनिवार, रात्री १०:०५

आणि सिस्टर, बाटलीचं तोंड लागत होतं. माझंच. आरशात बघून घातलं तेव्हा कळलं. आता आईच मला शिकवते, मान कुठे, हात कुठे. सोमवारी दुपारची गाडी, सव्वातीनची वेळ.